अक्काने केलेला समुद्र

भारतीअक्का पहिल्या भेटीत माणसाला जमिनीवर झोपवायची. नाव, गाव, चहा, सगळं नंतर. मी तिला भेटले तेव्हा माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या शेडमध्ये कुणी एक मालक समुद्राचा खेळ उभारत होता. तिकीट काढायचं, अंधारात जायचं आणि पाण्याच्या तळाशी उतरल्याचा अनुभव घ्यायचा. ज्या शहरात नळ कधी येईल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, तिथे खेळासाठी टँकरने पाणी ओतायचा हा माज! मी फाटकावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सुनावत होते.

आतून एक उंच, सडपातळ बाई आली. पंचेचाळिशीची, गळ्यात हेडफोन, साडीवर पुरुषी शर्ट. तिने पत्रक उभ्याउभ्या वाचलं. "मुद्दा बरोबर हाय. पण ओरडालीस लई. आत ये, झोप."

"मी झोपायला आले नाही."

"मग पडून भांड की. मला काय!"

मी पडले. फरशीखाली तिने बसवलेले स्पीकर गुरगुरू लागले, पाठीला कंप सुटला. थंड हवा पायांवरून वर सरकली. छतावर निळ्या उजेडाच्या लाटा वळवळल्या आणि माझी छाती दडपली. दिवे लागले तेव्हा कळलं, मी श्वास रोखून धरला होता. मग तिने त्या लाटा कुठून येतात ते दाखवलं. एक परात, तिच्यात बोटभर पाणी, तळाला आरशाचे तुकडे, त्यावर सोडलेला दिव्याचा झोत. "पत्रकात टँकर टँकर लिहिलंयस. हा बघ माझा टँकर." मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला.

ती भवानी पेठेतल्या तेलुगू विणकर घरातली. हैदराबादेत बरीच वर्षं सिनेमांच्या आवाजाचं काम केलं. आईच्या आजारपणात परत आली. आई गेली, ही राहिली. तिच्या कामाला काम म्हणणारा सोलापुरातला हा पहिला मालक. "टॉवेलच्या गावात आवाज कोण विकत घेतंय गं? हे चाललं तर मी हितंच राहीन. न्हाय तर परत बॅग भरायची." आपल्या गल्लीत राहून आपलं काम करायचं, यापलीकडे तिला काही नको होतं.

काम तपासायची तिची रीत ठरलेली. "सांगून ऐकवलं की लोक कौतुक करतात. न सांगता ऐकव, मग खरं कळतंय." ती चहाच्या टपरीमागे स्पीकर लपवायची. चहावाल्याने आधण आलं म्हणून झाकण उघडून बघितलं, की बुडबुडे पास. शेडमध्ये आलेल्या एका कामगाराने अंधारात पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओढून घेतली, तेव्हा लाट पास झाली. अक्का दिवसभर खूश होती.

खेळाची सुरुवात मात्र जमत नव्हती. समुद्र येतो आहे, हे अंधारात कळायचं कसं? "आपल्या माणसाला समुद्राचा आवाज माहीत न्हाय. त्याच्या ओळखीचं येणारं पाणी कुठलं, सांग." उत्तर तिनेच शोधलं. गल्लीतला नळ येतानाचा आवाज तिने टिपून घेतला. आधी हवेचा फुसफुसाट, मग पाइपची खडखड, मग धार. तो मोठा केला, खोल केला, आणि रिवाजाप्रमाणे न सांगता ऐकवायला एका दुपारी गल्लीतल्या सार्वजनिक नळाच्या आडोशाला स्पीकर ठेवला. तिला वाटलं, एखाददुसरी मान वळेल.

फुसफुसाट सुरू झाला आणि घरं रिकामी झाली. "पाणी आलं! नीळ्ळु वच्चाय!" घागरी, ड्रम, पाइप. कुणाचे हात कणकेचे, कुणाच्या डोक्याला शिकेकाई तशीच. "अय्यो, थांबा, खरं न्हाय ते!" ओरडत अक्का स्पीकरकडे धावली. समोरच्या माडीवरची म्हातारी नरसव्वा, जिला अक्का पिन्नी, म्हणजे मावशी म्हणायची, ती दोन्ही हातांत कळशा घेऊन लोखंडी जिना उतरत होती. कठडा धरायला हात मोकळा नव्हता. ती पडली.

मांडीचं हाड मोडलं. पिन्नी अंथरुणातून उठलीच नाही. पावसाळ्याच्या आत गेली. गल्लीने अक्काला दोष दिला नाही, आणि तेच तिला सोसलं नाही. "तू काय ढकललीस का गं तिला?" म्हणून बायका उलट तिलाच चहा पाजायच्या. एक तर म्हणाली, "अक्का, पुढच्या वेळी आवाजासंगं थोडं पाणीपण सोड की!" सगळ्या हसल्या. अक्का उठून आत गेली.

मी पत्रक काढलं, तहानेचा बळी म्हणून. अक्काने ते परत केलं.

"अर्धंच लिहिलीस. आवाज कुणी केला ते घाल."

"आवाजाने माणूस मरत नाही, अक्का. ज्यांनी या बायकांना आवाजामागे पळायला लावलं, त्यांनी मारलं."

"ते तर हायच. पण बटण मी दाबलं की."

मालकाला ही हकिकत कळली आणि तो चक्क खूश झाला. "बायका घागरी घेऊन पळाल्या म्हणजे आवाज एक नंबर!" अक्काने तो आवाज आपल्या मशीनवरून पुसला आणि काम सोडलं. पण मंजुरीसाठी एक प्रत त्याच्याकडे आधीच गेली होती. आज त्याचा खेळ त्याच आवाजाने सुरू होतो. मी पुन्हा फाटकावर उभी राहिले, घसा फोडला. लोक माझ्या पत्रकाने वारा घेत रांगेत उभे राहिले आणि बाहेर येताना म्हणाले, "काय खरं वाटतंय बे!"

परवा अक्काकडे गेले होते. हैदराबादहून बोलावणं आलं आहे. तिने उत्तर दिलेलं नाही. भिंतीला टेकून बसली होती. आम्ही बोलत असतानाच मोरीतला नळ फुसफुसला. गल्लीत धावपळ उडाली. ती हलली नाही.

"अक्का, पाणी आलंय."

"न्हाय गं. ते माझंच हाय."

"खरं पाणी आहे, अक्का. धार लागली बघ."

तिने डोळे मिटले आणि दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसं नीट ऐकलं. "धारपण मीच केलेली हाय," ती म्हणाली.

मी तिची घागर नळाखाली लावली. ती भरून वाहायला लागली, तरी अक्का उठली नाही.