डोळ्यांच्या काकूंची छऱ्याची बंदूक

मी एकदा एका बंदुकीला खोबरेल तेलाचं अभ्यंगस्नान घातलं होतं. वर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, अंगणातला झेंडू वाहिला आणि हात जोडून नमस्कारही केला. बंदुकीला तेल लागतं एवढं मी कुठूनतरी ऐकून होते. कुठे लागतं आणि कोणतं लागतं, हे ऐकलेलं नव्हतं. तरी नळीत तेल सोडताना माझा हात जरासुद्धा कापला नाही. अडाणीपणाचा हा एक मोठा फायदा असतो.

बंदूक माझी नव्हती. ती डोळ्यांच्या काकूंची होती.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, ट्रॉय गावात, मराठी घरं थोडी आणि त्यात डॉक्टर फार. त्यामुळे आम्ही नव्या सुना काकालोकांना अवयवांवरून ओळखायचो. हाडांचे काका, दातांच्या काकू आणि मोतीबिंदूची ऑपरेशनं करणाऱ्या या डोळ्यांच्या काकू. मूळच्या नागपूरच्या. उंच, केस आखूड कापलेले, साडी फक्त गणपतीला. बोलणं चारचौघांत शुद्ध, पण राग आला की थेट नागपूर बाहेर पडायचं. "काय करून राहिली ग तू?" असं त्या म्हणाल्या की समजायचं, आपलं काही खरं नाही.

मी तेव्हा नुकतीच लग्न करून आले होते. आमचे हे मोटारीच्या कंपनीत दाराच्या बिजागऱ्यांची ड्रॉइंग्ज करायचे आणि मी घरी बसून खिडकीतल्या बर्फाकडे बघत उसासे टाकायचे. संस्कृत घेऊन बी.ए. झालेली, ड्रायव्हिंग येत नव्हतं, आणि आपलं दुःख जगात कुणालाच कळणार नाही अशी पक्की खात्री. काकूंनी मला "करमतं का ग?" असं एकदाही विचारलं नाही. त्या दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवायच्या. "चल, बस. काम आहे." काम बहुतेक वेळा नसायचंच.

एका शनिवारी मात्र होतं. "एक वस्तू घ्यायचीय," म्हणाल्या. मला वाटलं, तूरडाळ. गाडी थांबली ती गळ, तंबू आणि शिकारीचे बूट विकणाऱ्या दुकानापुढे. काकूंनी काउंटरवरच्या माणसाला सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त एअर रायफल मागितली. त्यानं प्रेमानं विचारलं, "नातवासाठी का?"

"नाही. मला."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बंदूक म्हणजे काहीतरी लांब, काळं आणि जड असतं अशी माझी कल्पना. ही निघाली पुठ्ठ्याच्या खोक्यातून, मिक्सर निघावा तशी. आखूड, बुटकी, आणि दस्ता प्लॅस्टिकचा. त्यावर लाकूड वाटावं म्हणून रेघा ओढलेल्या. वजन इतकं कमी की मी उचलताना जास्त जोर लावला आणि नळी थेट तंबूच्या कापडात गेली. नळीखाली एक दांडा. रॉकेलच्या स्टोव्हला मारतो तसा पंप मारायचा, की आत हवा भरायची. जितके पंप जास्त तितका छर्रा जोरात. मी माझं तज्ज्ञ मत तिथल्या तिथे दिलं. "काकू, ही तर जत्रेतली फुगे फोडायची बंदूक!"

"मग उत्तमच," काकू म्हणाल्या. "फुगा फोडायलाही हात स्थिरच लागतो."

बातमी तिथल्या मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाआधीच सगळीकडे पोचली. दातांच्या काकूंनी बटाटेवडा हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "आपणच डोळे फोडायचे आणि आपणच शिवायचे! धंदा बरा काढलास ग!" सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या डोळ्यांच्या काकूच. पण आपल्या तळघरात त्यांचा नियम कडक होता. डोळ्यांच्या बचावाचा जाड गॉगल लावल्याशिवाय पायरी उतरायची नाही. घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी गॉगल लावायला लावला, आणि बंदूक तर तेव्हा कपाटात होती. "छऱ्यानं गेलेले डोळे माझ्याकडे येतात," त्या मला म्हणाल्या. "पोरं असतात ग, दहा-बारा वर्षांची. आईबाप म्हणतात, डॉक्टर, काहीतरी करा. काही करता येत नाही."

मग बंदूक घेतलीच कशाला? हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. मी तो विचारला, कारण विचार करून बोलण्याची सवय मला तेव्हा नव्हती.

तळघराच्या टोकाला जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठासून भरलेलं खोकं ठेवलेलं होतं. त्यावर काकूंनी कागदाची प्लेट टाचली, मध्ये पेनानं ठिपका काढला आणि पाच छर्रे मारले. मग प्लेट आणून माझ्यापुढे धरली. पाचही भोकं एका डाइमखाली झाकली जात होती. इथलं सगळ्यात छोटं नाणं ते, आपल्या शर्टाच्या गुंडीहून थोडंसं मोठं.

"नागपूरला माझे एक सर होते," काकू म्हणाल्या. "सोन्यासारखा हात. पुढे तो हात कापायला लागला. आम्हा सगळ्यांना दिसायचं. सर ऑपरेशन करत राहिले. त्यांना सांगायची एकाचीही छाती झाली नाही, माझीही नाही. एका बाईचा डोळा गेला, तेव्हा थांबले." त्यांनी बंदुकीच्या प्लॅस्टिकवर थाप मारली. "मला सांगायला ही आहे. ज्या दिवशी भोकं पांगतील त्या दिवशी माझा चाकू बंद. हात कसा आहे हे पेशंटच्या डोळ्यावर तपासायचं असतं का?"

"मग चांगली भारीतली घ्यायची ना, काकू."

"भारीतली जड असते. जड बंदूक हात सांभाळून घेते, चुका झाकते. ही हलकी आहे. मी हलले की ही हलते. चहाडखोर आहे, म्हणून तर घेतली."

त्या उन्हाळ्यात त्यांनी मलाही शिकवलं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, घोडा खेचायचा नाही, दाबायचा. माझा पहिला छर्रा प्लेटला नाही, खोक्यालाही नाही, त्यांच्या लोणच्याच्या बरणीला लागला. "कैरी होती, मेली," एवढंच त्या म्हणाल्या. पण ऑगस्टपर्यंत माझी पाच भोकं क्वार्टरखाली झाकली जायला लागली. क्वार्टर म्हणजे डाइमपेक्षा बरंच मोठं नाणं, पण मी ती प्लेट फ्रिजवर लावली. आमचे हे त्यानंतर माझ्याशी थोडे जपून बोलायला लागले.

सप्टेंबरभर काकू तळघरात उतरल्याच नाहीत. "वेळ कुठेय ग," म्हणायच्या. मला ते खरं वाटलं.

मग खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा करायची तर आमच्या घरात शस्त्रं कोणती? विळी, दोन स्क्रूड्रायव्हर आणि ह्यांची कंपास. मला ते फार केविलवाणं वाटलं. काकूंना फोन केला. "घेऊन जा की," त्या म्हणाल्या. मी बंदूक चालतच आणली, चादरीत बाळासारखी गुंडाळून, आणि पुढचं सगळं वर सांगितलंच आहे. संध्याकाळी बाहेरून पुसूनपासून परत ठेवली. तेलाबद्दल बोलावं असं मनातही आलं नाही. पूजेत काय काय केलं हे कोणी कोणाला सांगतं का?

पुढच्या रविवारी काकूंनी बंदूक बाहेर काढली. मी शेजारी गॉगल लावून उभी. पाच छर्रे झाले. काकूंनी प्लेट आणली आणि दिव्याखाली धरली. दोन भोकं ठिपक्याजवळ, एक वर, एक काठाला, आणि एक प्लेटवर नव्हतंच. त्यांनी दुसरी प्लेट लावली. तीही तशीच.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. वर गेल्या, हॉस्पिटलमधल्या त्यांच्या जोडीदार डॉक्टरांना फोन लावला आणि त्या आठवड्यातली आपली सगळी ऑपरेशनं त्यांच्याकडे दिली. आवाजात काहीही नव्हतं, दुधाचा रतीब बदलावा तसा आवाज. मी सोफ्यावर बसून राहिले.

गुरुवारी सकाळी मी डोक्याला तेल लावायला बाटली घेतली. मिशिगनमध्ये खोबरेल तेलाचं काय होतं हे तिथल्या प्रत्येक मराठी बाईला ठाऊक असतं. बाटली गरम पाण्यात उभी केल्याशिवाय थेंब पडत नाही. मी पातेल्यातल्या बाटलीकडे बघत राहिले. आत पांढराशुभ्र दगड. आणि काकूंचं तळघर माझ्या स्वयंपाकघराहूनही गार.

मी पायात सपाता घालून त्यांच्या घरापर्यंत पळत गेले. दार उघडल्याबरोबर म्हटलं, "काकू, तुमचा हात नाही! माझं तेल!"

"काय करून राहिली ग तू? कोणतं तेल?"

सांगितलं. नळीत किती ओतलं तेही सांगितलं. काकू खुर्चीचा आधार घेऊन हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बंदुकीची वेणीफणी करून आली ही बया!" आम्ही दोघी तळघरात गेलो. दोरीला चिंधी बांधून त्यांनी ती नळीतून ओढली. चिंधी गुलाबी लोणी लागल्यासारखी बाहेर आली. छर्रा ठेवायच्या खाचेतून तांदळाचा दाणा निघाला. काकूंनी तो चिमटीत धरून मला दाखवला. पुन्हा हसलो. किती हलकं वाटत होतं सांगू! मी मनातल्या मनात त्यांची ऑपरेशनं त्यांना परतसुद्धा देऊन टाकली.

नळी कोरडी झाल्यावर काकूंनी बंदूक माझ्या हातात दिली. "आधी तू."

मी पाच छर्रे मारले. काकूंनी त्यावर क्वार्टर ठेवला. पाचही भोकं झाकली गेली, ऑगस्टसारखीच. म्हणजे बंदूक ठणठणीत होती. मी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी मारले. तीन एकाजागी. चौथा जरा खाली. पाचवा आणखी उजवीकडे. त्यांनी डाइम हातातसुद्धा घेतला नाही. क्वार्टर ठेवला. दोन भोकं बाहेर राहिली.

"पुन्हा मारा ना, काकू," मी म्हणाले. "आज थंडी किती आहे."

"पेशंटलाही तेच सांगू? आज थंडी किती आहे?"

त्यांनी बंदुकीतली हवा सोडली आणि ती कपाटात ठेवली. पुढे त्यांनी चाकू खरोखरच कधी हातात घेतला नाही. कितीतरी वर्षं पेशंट तपासले, नव्या डॉक्टरांच्या मागे उभं राहून त्यांना शिकवलं, आणि हात कापतोय असं वाटलं तर तोंडावर सांगितलं. त्यांच्यातल्या काहींनी ते ऐकलंही असणार. काकू जाऊनही आता बरेच दिवस झाले. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी मी पायरीवर बसून रडत होते. गॉगल काढायचं सुचलं नव्हतं, त्यामुळे तो आतून भरत चालला होता. काकूंनी तो माझ्या डोळ्यांवरून काढला, पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीनं पुसला, आणि म्हणाल्या,

"पुरे आता. तुझ्या तेलानं मला एक सकाळ बरं वाटलं, तेवढं पुष्कळ झालं. चल वर, चहा टाक. आलं ठेच. साखर मात्र तूच घाल ग, दसऱ्याच्या आधीपासून माझ्याकडून ओट्यावर सांडतेय."