दोरीपलीकडची खुर्ची

आमची कुत्री पहिल्यांदा बाद झाली ती शेंगदाण्यांमुळे, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. खरं कारण माझे वडील होते.

आमच्या शहराबाहेर, नव्या राजधानीकडच्या एका मोकळ्या मैदानावर थंडीत कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत व्हायची. दोरी बांधून जागा आखलेली, तिला सगळे रिंग म्हणतात. आत उड्या मारायचे आडवे दांडे, कापडी बोगदा, चढून उतरायची फळी आणि शेवटी बारा खांबांची रांग. त्या खांबांतून कुत्र्याने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असं नागमोडी निघायचं. आपण बाजूने पळायचं, हाताने दाखवायचं, तोंडाने सांगायचं. कुत्र्याला हात लावायचा नाही. कुत्रं दोरीबाहेर गेलं की खेळ खलास.

आमची तेव्हा दीड वर्षाची होती. अर्धी लॅब्रॅडोर, अर्धी आमच्या तेलीबांध्याच्या गल्लीतली, आणि अंगात वारं भरलेली. पहिल्या शर्यतीत तिने चार उड्या अशा मारल्या की लोक उभे राहिले. पाचव्या उडीपाशी तिला दोरीपलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले बाबा दिसले. ती तशीच दोरीखालून निघाली ती थेट त्यांच्या मांडीवर. बाबा तिचे कान धरून हसत होते, परीक्षक हात वर करून आम्ही बाद झाल्याचं सांगत होते, आणि मी मैदानाच्या मधोमध, हात पुढे केलेला तसाच ठेवून उभी.

"तुम्ही बोलावलं तिला," मी म्हणाले.

"मी काहून बोलावू? मी तं नुसता बसून राहिलो होतो."

"खिशात शेंगदाणे असतील तुमच्या."

त्यांनी खिसा उलटा करून दाखवला. रिकामा होता. तरी मी लोकांना शेंगदाणेच सांगितले.

दुसऱ्या शर्यतीत तेच झालं, तिसऱ्यातही तेच. मी तोंडाची फटकळ आहे आणि हरण्यापेक्षा हसं झालेलं मला जास्त लागतं. पण त्याहून जास्त दुसरंच काही लागत होतं. सकाळी उठून तिला फिरवायची मी, तिच्यापायी रविवार घालवायची मी, आणि ती धावायची त्यांच्याकडे. चाळिशीला आलेली बाई बापाचा मत्सर करते, तोही कुत्रीवरून, हे कोणाला सांगणार?

खांब मात्र तिला त्यांनीच शिकवले होते. बाबा रेल्वेत गार्ड होते. आई गेल्यानंतर ते दिवसदिवस बोलायचे नाहीत, ही घरात आली आणि तिच्याशी बोलायला लागले. गोल बाजारातून तंबूचं कापड आणून बोगदा त्यांनीच शिवून घेतला. गच्चीवर बारा डब्यांत रेती भरून त्यात पाईप रोवले. स्वतः पहिल्या खांबाच्या मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "पोट्टी, इकून. आता तिकून." ती सरसर जायची, पण अकराव्या खांबापाशी हमखास मान वळवून मागे बघायची. म्हातारा आहे ना जागेवर, एवढंच बघायचं, मग बारावा करायचा. त्यात जाणारा अर्धा सेकंद मला खटकायचा. बाबांना ते फार आवडायचं.

आम्हाला शिकवायला एक तरुण मुलगी होती. तिच्या घरची भाषा मराठीच, पण उत्तर नेहमी हिंदीत. तिने उपाय सांगितला. "दीदी, अंकल को यहीं बिठाओ. ये पास जाए तो अंकल पीठ घुमा लें. ना बात, ना हाथ. समझ जाएगी कि उधर कुछ नहीं मिलता."

मला वाटलं बाबा वाद घालतील. ते "हव" म्हणाले. "शेवटच्या डब्यात बसून जिंदगीभर मागं पळणारे रूळच पाहत आलो. मले सवय आहे पाठ करून बसाची."

तीन महिने ते चाललं. दर रविवारी दोरीपलीकडे खुर्ची, खुर्चीवर बाबा. ती धावत गेली की ते फिरून बसायचे, हाताची घडी घालून. ती भुंकायची, पंजाने त्यांचा शर्ट ओढायची, कोपराखालून नाक घालायची. एकदा त्यांचा हात हळूच खाली आलेला मला लांबून दिसला. मी तिथूनच ओरडले, "बाबा." हात परत घडीत गेला. तिसऱ्या महिन्यात तिने खुर्चीकडे जाणं सोडलं. त्या दिवशी मी खुशीत जिलबी आणली. बाबांनी एकच घेतली.

मग ती शर्यत आली. माझ्या पॅन्टला खिसा नव्हता म्हणून मोबाईल बाबांच्या खिशात ठेवायला दिला. खुर्ची त्यांनी स्वतःच फिरवून ठेवली, रिंगकडे पाठ करून. आणि आमची कुत्री त्या दिवशी अशी धावली की मला तिच्याबरोबर राहणं जमेना. उड्या, फळी, बोगदा, बाराही खांब. एकही चूक नाही. टाळ्या वाजल्या, मी तिला उचलूनच घेतलं. मग माझं लक्ष गेलं. बाबा अजून तसेच बसले होते, उभ्या केलेल्या गाड्यांकडे तोंड करून, ताठ. संपलं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"झालं काय?" त्यांनी न वळताच विचारलं.

"झालं. एकही चूक नाही. वळा आता."

"खांब कसे केले?"

"चांगले केले."

"अकराव्यापाशी मागं पाहिलं काय तिनं?"

मी निकालाच्या फळ्यावर नंबर शोधत होते. "सांगितलं ना बाबा, चूक नाही म्हणून."

तिसरा नंबर होता. हातभर आनंद आणि वीतभर कप. परत येताना त्यांनी गाडीत पुन्हा विचारलं, "मागं पाहिलं होतं काय गं?" मी फोनवर मैत्रिणीला कपाचं सांगत होते. मी "हं" केलं. तिने पाहिलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी बाबा व्हरांड्यात बसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "ये गं पोट्टी, आता ये." ती उठली, माझ्याकडे बघितलं आणि गेली नाही. त्यांनी पुन्हा थाप मारली. ती माझ्या पायाशी येऊन बसली.

"शिकली," बाबा म्हणाले.

मी हसले. मनातून मला बरंच वाटलं होतं, हे आता लिहून टाकते.

शिकवलेलं मोडताही येतं. रोज दहा मिनिटं दोघांना एकत्र बसवलं असतं तर ती परत गेली असती त्यांच्याकडे. पुढची शर्यत होऊ दे, मग बघू, असं मी म्हणत राहिले. पावसाळ्याच्या शेवटी बाबांच्या छातीत कफ साठला. खाटेवरून त्यांचा हात खाली लोंबायचा, बोटं हलायची. ती आधी माझ्याकडे बघायची. मी "जा" म्हटलं की जायची, हात हुंगायची आणि परत यायची. पूर्वी तिला त्यांच्याकडे जायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पुढे दवाखान्यात हलवलं. दवाखान्यात कुत्र्याला कोण सोडतं. आठव्या दिवशी बाबा गेले.

थंडीत मी पुन्हा शर्यतीला गेले. खुर्ची बरोबर नेली. खुर्चीच्या पाठीवर बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा टाकला, मी तो धुतला नव्हता. पाचव्या उडीसमोर दोरीपलीकडे ठेवली, या वेळी रिंगकडे तोंड करून. माझं ठरलं होतं. कुत्री खुर्चीकडे गेली तर जाऊ द्यायचं, बाद झालो तर व्हायचं. ती जावी एवढ्याचसाठी मी आले होते.

पाचव्या उडीपाशी मी पळायचं थांबले, हात खाली सोडला. तिने उडी मारली आणि खुर्चीकडे न बघता बोगद्यात शिरली. मीच शिकवलं होतं तसं. मी तिच्यामागे धावले, डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं. ती खांबांत शिरली. एक, दोन, तीन, मी मोजत होते. अकराव्यापाशी तिने मान वळवली आणि मागे बघितलं, पहिल्या खांबाच्या मागे, जिथे कोणी नव्हतं. बघत राहिली. मग बारावा केला.

नंबर बघायला मी गेले नाही. खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले आणि चांगल्या मोठ्याने सांगितलं, "पाहिलं, बाबा. अकराव्यापाशी मागं पाहिलं तिनं." आजूबाजूचे लोक बघत होते. कुत्रीने खुर्चीवरचा दुपट्टा हुंगला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. "जा," मी म्हटलं.