तात्याचा गुडघा आणि अमेरिकेची गोचीड

साखरखेर्ड्याच्या स्टँडसमोर एका बाकड्यावर आमची बैठक असते. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी चहा आणि बिनकामाच्या गप्पा. किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो, ते घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे आपोआप साठतात! यंदाचे बहुतेक आमच्या तात्याच्या उजव्या गुडघ्याचे.

*

तात्या एसटीचा रिटायर ड्रायव्हर. सुनेच्या बाळंतपणाला बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन सहा महिने अमेरिकेत राहून आला. आल्यापासून अमेरिका थांबेना! घरामागचं जंगल, अंगणात येणारी हरणं, गवत कापायचं मशीन. भाजीवालीला मेथीची जुडी मागतानाही हरणांपासून सुरुवात. शेवटी आमच्या बाकड्यावरचा गजानन वैतागला, "तात्या, तू राह्यला त्याच्यापेक्षा जास्त दिवस आम्ही राहून राह्यलो बे अमेरिकेत!"

*

मग गुडघा सुजला. टम्म! पण सूज काही आठवड्यांनी आपोआप उतरायची. झालं, श्रेयावरून भांडणं! गजाननने रुईची पानं बांधली होती, मी तेल दिलं होतं. "माह्या पानानं गेली", "तेलानं गेली" असा वाद चालू असतानाच ती परत आली. तेव्हा मात्र ती कोणाचीच नव्हती.

*

जालन्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि गुडघा बदलायला सांगितलं. आयुष्यभर घाटात एसटी चालवलेला माणूस, पण ऑपरेशन म्हटल्यावर हातपाय गार. "टेबलावर झोपलो तं उठीन का बे?" असं मला रोज विचारायचा. मी हसण्यावारी न्यायचो.

*

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं म्हणून मी त्याला बुलढाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "गेल्या वर्षभरात कुठे बाहेर राहायला गेला होता?"

तात्या म्हणाला, "नाही."

मी उडालोच! भाजीवालीला अमेरिका सांगणारा माणूस डॉक्टरला नाही म्हणतो? बाहेर येऊन हळूच म्हणाला, "गजा म्हने, डॉक्टरले अमेरिका कळली तं बिल डॉलरमधी येते!"

दंडाला धरून त्याला परत आत नेलं.

*

अमेरिका ऐकताच मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तिकडे गोचीड चावली होती?"

"तिले काय गोचीड म्हनता, मॅडम! तिळायेवढी होती. आमच्या म्हशीची पाहा, बोरायेवढी!"

"अंगावर गोल लाल चट्टा आला होता?"

तात्या चक्क लाजला. मांडीवर चट्टा आला होता आणि वाढत गेला होता. गजकर्ण समजून त्याने सगळ्यांपासून लपवून मलम चोळलं होतं. "बाळंतिणीच्या घरात गजकर्ण आनलं म्हनतीन ना!"

मॅडम म्हणाल्या, "त्या तिळाएवढ्या गोचिडीच्या चाव्यातून जंतू शिरतात आणि पुढे सांधे सुजतात. चावल्या चावल्या टेस्ट केली तर काही दिसत नाही, रक्तात खूण यायला काही आठवडे जातात. पण तिकडे राहून आलेल्याचा गुडघा असा सुजला, की टेस्ट करायचीच."

*

बातमी गावात फुटली आणि गजानन म्हशीची गोचीड काडेपेटीत घालून बुलढाण्याला हजर! "ही चावली मले. हिचीच टेस्ट करा."

मॅडमनी काडेपेटीत डोकावून विचारलं, "हिचे गुडघे दुखतात का?"

इकडच्या गोचिडीत हा आजार सहसा नसतो, ताप आला तर मात्र लगेच या, असं सांगून त्यांनी त्याला काडेपेटीसकट परत पाठवलं.

*

तात्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह! महिनाभर गोळ्या झाल्या आणि सूज गेली. ऑपरेशन रद्द. खरं सांगतो, त्या दिवशी मला तात्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

शेवटच्या तपासणीला काकूही आल्या होत्या. कोपऱ्यात उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं.

"तुम्हीपण सहा महिने तिकडेच होतात ना? अंगणात, गवतात, झाडीत फिरलात? काही त्रास होत असेल तर तुमचीही टेस्ट करू."

तात्या मध्येच म्हणाला, "हाव, संगंच होती माह्या! करून टाका, मॅडम."

काकूंनी पदर सावरला.

"माही काऊन करता? बाळ, बाळंतीण, धुनं, सैपाक. मी दाराच्या बाहीर पाय ठेवलाच कवा? अमेरिका तं मी साखरखेर्ड्याले आल्यावर ऐकली, यायच्याच तोंडून."