गरम हात

"काढ हात. आधी त्या केळीवरून हात काढ," नाना माझ्यावर ओरडत होता. आवाज असा, की सावद्यात तोंड उघडलं तर भुसावळच्या फलाटावर झोपलेले उठून बसावेत.

नाना म्हणजे शेडचा मालक. आम्ही बाया तिथं केळीच्या हिरव्या फण्या धुऊन पेट्यांत भरायचो. माल न्यायला गाडी यायच्या आधीच काही पेट्या पिवळ्या निघाल्या. नेमक्या आमच्या. बुद्धविहारामागच्या आम्हा चौघींच्या.

"तुमच्या वस्तीचा हातच गरम, लागला की माल पिकतो. पिढ्यान्‌पिढ्या," नाना म्हणाला. "सोमवारपासून चौघींनी शेड झाडायचं. मालाला शिवायचं नाही."

शिवायचं नाही. शेड नवं कोरं, शब्द तोच.

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. मी घरी जाऊन हात गालाला लावून बघितले. दोन-चारदा. त्याची लाज मला अजून वाटते.

मग भाकरी थापताना हसू आलं. एवढा गरम हात, तर चूल कशाला पेटवते मी? दीपनगरच्या वीजकेंद्रवाल्यांनी कोळसा बंद करून मलाच कामावर घेतलं असतं. अर्ध्या खानदेशाला वीज पुरवली असती. एका डाव्या हातानं.

हसता हसता संशय आला. आमच्या पेट्या कुठं रचतात? आम्ही बसतो तिथंच. आम्ही कुठं बसतो? मावळतीच्या पत्र्याला चिकटून. तो दुपारी तव्यासारखा तापतो. पंख्याखाली नानाची भावजय अक्का आणि तिच्या बाया. आम्हाला पत्र्याशी कोणी बसवलं? नानानंच. आम्ही पाण्याच्या माठापासून लांब हव्यात म्हणून.

गाडी आता सोमवारीच यायची होती. शुक्रवारी भरलेल्या माझ्या दोन पेट्या हळूच पंख्याखाली सरकवल्या. अक्काच्या दोन पत्र्याला लावल्या.

सोमवारी नानानं झाडू पुढे केला. मी घेतला नाही. चारही पेट्या सगळ्यांसमोर फोडल्या. पेटीवर भरणारीचा नंबर असतो. तो अक्कालाच वाचायला लावला. माझ्या हिरव्यागार. तिच्या इतक्या पिवळ्या, की नवरी बसवून हळद उरकावी.

अक्का आपले तळवे निरखू लागली. निरखू दे.

आता कोणी 'तुमचं असंच असतं' म्हटलं, की मी आधी बघते, मला बसवलंय कुठं.

नाना बराच वेळ पेट्यांभोवती फिरला. "असेल," म्हणाला. "पण लोक तर तुमचा हातच गरम म्हणतात."

"लोकांना बोलवा," मी म्हटलं. "पेट्या उघड्याच ठेवते."