मागच्या दाराचा शनिवार

लॉन्ड्रीच्या मालकाचं नाव काढलं की माझं तोंड कडू होतं. सांगायचंय खरं तर माझ्या थोरल्या जावेबद्दल, पण त्या मेल्याला वगळून ते सांगता येत नाही.

आमची लॉन्ड्री हॉस्पिटलच्या चादरी धुणारी. ताई, म्हणजे माझी ही जाऊ, आणि मी घडी घालायला जोडीनं उभ्या. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. झटकायची, ताणायची, मग चालत जवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं. जवळ आलो की ती हमखास टोमणा मारणार. "काल भाजीत मीठ नव्हतं गं, तुझा नवरा घाबरून बोलला नाही वाटतं!" मी खुन्नस दिली की पुढची चादर.

मग कायदा आला. आठवड्याला पाचच दिवस काम. टीव्हीवरचे शहाणे म्हणाले, तास कमी झाले की मालकाला माणसं वाढवावी लागतील. ताईला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, तिला फक्त शनिवार हवा होता. भाऊजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, उजवी बाजू लकव्यानं लुळी पडलेली. हॉस्पिटलात चालायचे व्यायाम शनिवारीच असत, आणि भाऊजी असे हट्टी की ताईशिवाय कुणाचा हात धरून उठणार नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, आत्ता पाय हलला नाही तर जन्मभर खुर्ची.

मालकानं काय केलं? माणसं वाढवणं राहिलं बाजूला, भिंतीत हूक ठोकले. चादरीची दोन टोकं हुकाला, दोन ताईच्या हातात. माझी नोकरी एका लोखंडी हुकानं खाल्ली. शी! निदान माझ्या जागी एखादी बाई तरी ठेवायची.

ताईचा सहाव्या दिवसाचा पगार कापला तो वेगळाच. वर त्याची अक्कल बघा, मेहुण्याच्या नावानं दुसरी कंपनी काढली. तीच इमारत, तोच हूक, फक्त शनिवारी मागच्या दारानं आत जायचं. कायद्याच्या लेखी ती दुसरी नोकरी. "सक्ती नाही हां कुणाला," असं वर तोंड करून म्हणाला. माझा पगार बंद, घर एकत्र, ताई जाणार नाही तर काय करेल?

"ताई, किळस येते मला त्या माणसाची."

"मलाही येते. डबा दे."

भाऊजींना मग मीच न्यायला लागले. मी हात पुढे केला की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. एका शनिवारी व्यायामवाली बाईही वैतागली, म्हणाली, पुढच्या वेळी आणू नका. माझं डोकंच सणकलं. बाजूच्या गठ्ठ्यातली चादर ओढली, झटकली, दोन टोकं त्यांच्या धडक्या हातात कोंबली आणि मागं सरले. "हात नका धरू माझा. घडी तरी घाला!"

भाऊजी उठले. लटपटले, बाईनं कमरेला आधार दिला, पण पाय उचलला. लकव्याआधी घरी ताईबरोबर चादरीची घडी घालताना हेच तर करायचे. एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आले आणि टोकाला टोक लावलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

संध्याकाळी ताई चपला न काढताच उंबऱ्यावर बसली. मी सगळं सांगितलं.

"चादर कुठली होती?" तिनं विचारलं.

"हॉस्पिटलचीच. तुझ्याच घडीची."

"म्हणजे माझी चादर पोचली," ती म्हणाली. "मीच तेवढी राहिले."