भातातला बांध

बातमी आली तेव्हा मी काकडी चिरत होतो. शुक्रवारी दुपारी आमच्या क्वार्टरमधली मंडळी जुम्म्याच्या नमाजाला जातात आणि मागे राहिलेला एकटा मोरे, म्हणजे मी, काकडी-कांदा चिरून ठेवतो, ही सौदीतल्या अबकैकमधली आमची अनेक वर्षांची वाटणी. महाडचा अन्वर मशिदीतून परतला तो हातात फोन धरूनच. "मोरेकाका, हसनभाई गेले. गावी. हार्ट अटॅक."  कबशाचा, म्हणजे इथल्या मसालेदार मटण-भाताचा थाळा आलेला होता, तो तसाच मधे ठेवला गेला. थोड्या वेळाने अन्वर भाताकडे बघत म्हणाला, "एवढं पथ्य करून काय मिळालं? शेवटी गेलेच ना..." मी सुरी खाली ठेवली आणि बाहेर निघून गेलो. त्याला उत्तर द्यायला मला पाच आठवडे लागले. ते इथे देतो आहे.

हसनभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. इथल्या प्लांटवर क्रेनने अवजड सामान हलवणाऱ्या टोळीचे फोरमन, आणि क्वार्टरमध्ये वयाने सगळ्यांत मोठे. आमचं शुक्रवारचं जेवण म्हणजे जमिनीवर अंथरलेला प्लास्टिकचा सुफरा, त्यावर परातीएवढा एकच थाळा, भाताचा ढीग, वर मटण आणि भोवती सहा जण. या पद्धतीत एक गोम आहे. कोण किती खातो हे कोणालाच कळत नाही, खुद्द खाणाऱ्यालाही नाही. शिवाय वडीलधाऱ्याच्या पुढ्यात चरबीचे तुकडे सरकवायचे, हा मान. हसनभाईंनी तो वर्षानुवर्षं इमानेइतबारे घेतला. थाळ्याचा तळ दिसल्याशिवाय ते उठत नसत आणि उठताना त्यांना माझा खांदा लागायचा. "सगळ्या क्रेन तुम्ही हलवता, पण ही क्रेन कोण हलवणार?" असं मी चिडवायचो आणि तेच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

मग एकदा सेफ्टी शूज घासून त्यांच्या अंगठ्याला फोड आला आणि महिना उलटला तरी जखम भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई सोलापूरच्या, तोंडाने फटकळ. साखरेचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "गोळ्या मी देते. पण थाळ्यातला हात तुमचा आहे, तो धरायला मी येणार नाही."  परतताना गाडीत हसनभाईंनी मला त्यांच्या वडिलांचं सांगितलं. साखरेपायीच वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता आणि पुढची चार वर्षं धाकटा भाऊ त्यांना पाठुंगळी घेऊन परसात न्यायचा. एकदा सुट्टीवर गेल्यावर हसनभाईंनी त्यांना उचललं, तर म्हातारा पोराच्या पाठीवर तोंड दाबून रडायला लागला. "मोरे, बाकी काय ते सोसेन," ते म्हणाले, "पण मला कोणी उचलायचं नाही. इथनं मी माझ्या पायांनी घरी जाणार."

पुढच्या शुक्रवारी थाळा आल्यावर त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि आपल्या पुढ्यात, भातात बोटाने एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे जेमतेम दोन मुठी भात. चरबीचे तुकडे उचलून पलीकडे ठेवले आणि माझ्याकडची काकडीची ताटली सगळी स्वतःकडे ओढली. एकच हशा उसळला. भावकीत बांध घातला, मोजणीवाला बोलवा, असं जो तो म्हणू लागला. अन्वरने मुद्दाम भाताचा ढीग हलवला, तसे दाणे रेघेवरून घसरले. हसनभाईंनी ते बोटाने परत पलीकडे लोटले आणि म्हणाले, "अतिक्रमण चालायचं नाय." सगळ्यांत जास्त टवाळी मी केली. दोन महिने टिकलं तर मिशा काढीन, असंही बोलून गेलो. त्या मिशा मला खरोखरच काढाव्या लागल्या.

सगळं काही सरळ झालं असं नाही. घरून येणाऱ्या डब्यातले रव्याचे लाडू नको म्हणून कळवल्यावर त्यांच्या बायको शमीमभाभी महिनाभर फोनवर धड बोलल्या नाहीत. माझ्या हातचं गोडही आता कडू झालं का, म्हणाल्या. मग त्यांनीच सुट्टीवरून येणाऱ्याच्या हाती कुळथाचं पीठ पाठवायला सुरुवात केली आणि आमच्या क्वार्टरला संध्याकाळी लसणीच्या फोडणीचा वास येऊ लागला. हसनभाईंनी एका ईदला दम्मामला कोणाकडे तीन वाट्या शीरखुर्मा खाल्ला आणि दोन दिवस माझी नजर टाळली. मला वाटलं, संपलं. पण शुक्रवारी रेघ पुन्हा जागच्या जागी. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "बांध दर पावसात मोडतो, म्हणून शेत टाकतं का कोण? परत घालायचा."

आणि अबू फहद... हा आमचा सौदी सुपरवायझर, दिलाने राजा. त्याने आम्हाला आपल्या शेतावर जेवायला बोलावलं आणि यजमानाने करावं तसं स्वतःच्या हाताने मटण सोडवून हसनभाईंच्या पुढ्यात ठेवलं. ते नाकारणं म्हणजे त्याच्या घराचा अपमान. मी डोळ्यांनी खुणावत होतो, आज खा बाबा. हसनभाईंनी शांतपणे रेघ ओढली, एक तुकडा ठेवला, बाकीचे पलीकडे सरकवले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "सुक्कर, या अबू फहद. खलास." म्हणजे, अबू फहद, मला साखर आहे, बस झालं. सगळ्यांचे घास थांबले. मग मोडक्यातोडक्या अरबीत त्यांनी वडिलांच्या पायाची सगळी हकीकत सांगितली. अबू फहद ऐकत राहिला. पुढच्या वेळी त्याने हसनभाईंच्या बाजूला भात आधीच कमी घालायला सांगितला होता.

नऊ वर्षं हे चाललं. अंगठा भरला. रोज संध्याकाळी कुंपणाच्या आतून चार फेऱ्या व्हायच्या आणि सुफऱ्यावरून उठताना माझ्या खांद्याची गरज राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी ते कायमचे परत निघाले तेव्हा आम्ही दम्मामच्या विमानतळावर सोडायला गेलो. रांग चुकवायला आपली माणसं धडधाकट असूनही व्हीलचेअर मागतात, हे तिथे नेहमीचंच. अन्वरने प्रेमापोटी एक आणून उभी केली. हसनभाईंचा तसा संतापलेला चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. "ह्या खुर्चीत बसायला लागू नये म्हणून नऊ वर्षं काकडी खाल्ली," ते म्हणाले, "घेऊन जा ती." दीड तास ते रांगेत उभे होते. आम्ही काचेतून बघत होतो आणि त्यांनी एकदाही कशाला टेकून घेतलं नाही.

त्यांच्या मुलाशी मी फोनवर बोललो. अब्बा दुपारनंतरची अस्रची नमाज पढून, मशिदीतून घराकडे येणाऱ्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून आले, म्हणाला. चपला काढून जागेवर ठेवल्या, अम्मीकडे पाणी मागितलं आणि पडवीत बसले... तेवढंच. तर अन्वर, काय मिळालं ते हे. दोन वर्षं रोज पाच वेळा ती पाखाडी मिळाली. चपला आपल्या हाताने काढायला मिळाल्या. मरण कधी चुकणार होतं का? अमर व्हायला कोणी काकडी खात नाही. त्यांच्या मुलाने बापाला पाठीवर घेतलं नाही, आणि जनाजा उचलण्याआधी त्यांना कोणीही उचललं नाही. हे ज्याला थोडं वाटतं त्याने एखाद्या म्हाताऱ्याला परसात नेऊन बघावं.

आता क्वार्टरमध्ये वयाने मोठा मी. माझ्या रिपोर्टवरही डॉक्टरबाईंनी लाल गोल केला आहे, हे मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. परवा शुक्रवारी थाळा आला, अन्वरने सवयीने चरबीचा सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या पुढ्यात सरकवला. मी तो पलीकडे ठेवला आणि भातात बोट टेकवून रेघ ओढली. ती जरा वाकडी आली. कोणी हसलं नाही. अन्वर त्या रेघेकडे बघत राहिला, मग त्याने खाली मान घालून आपल्या बाजूने घास घेतला, तसे ढिगावरून चार दाणे घसरून माझ्या हद्दीत आले. मी ते बोटाने परत पलीकडे लोटले.