प्राचार्यांचं आभाळ

धाराशिवच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. सुट्टीभर प्रयोगशाळेत बसून मी एक डिटेक्टर बांधला. प्लॅस्टिकचे दोऱ्यासारखे तंतू शेजारी शेजारी चिकटवायचे. आभाळातून येणारा एखादा अदृश्य कण त्यांतून आरपार गेला, की तंतूत किंचित प्रकाश चमकतो. टोकाला बसवलेली सिलिकॉनची चिप तो टिपते आणि पडद्यावरचा आकडा एकानं वाढतो. बाहेरचा उजेड शिरला तर सगळं फुकट, म्हणून पेटीला काळी टेप गुंडाळलेली.

प्राचार्यांना त्यातलं एवढंच कळलं, की याचं उद्घाटन करता येतं.

पाहुणे अणदूरहून खंडोबाचं दर्शन घेऊन, कपाळभर भंडारा लावून उशिरानं आले. पेटीला हार घातला गेला. आकडा आपला सावकाश सरकत होता. पाहुण्यांनी जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "म्याडम, किरण कुठं हायत?"

ते डोळ्यांना दिसत नाहीत, असं मी सांगितलं. जेवायला बोलावून पुढं रिकामं ताट ठेवलं असावं, तसं त्यांनी प्राचार्यांकडं बघितलं. मी आडवी जाईपर्यंत प्राचार्यांनी टेप ओरबाडून झाकण उचललंसुद्धा. खिडकीतलं ऊन आत शिरलं, आकडा सुसाट सुटला आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र ऊन मोजतंय, हे मी सांगायला गेले, तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच मी पेटी बंद केली. चिप टिकली होती. एवढ्या उजेडानं ती जळत नाही, तेवढ्यापुरती आंधळी होते. आकडा पुन्हा सावकाश सरकू लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. काल मशीन झकास चालत होती, तुम्ही हात लावून बिघडवली, असं त्यांचं म्हणणं. त्यात तपासणीला समिती येणार होती.

"झाकण उघडंच ठेवा," ते म्हणाले.

मी नाही म्हणाले. मला वाटलं होतं तसे ते ओरडले नाहीत. बाजारातल्या इलेक्ट्रिशियनकडून त्यांनी लाल आकड्यांचा फलक करून घेतला आणि 'अवकाश किरण' असं लिहून दारातच टांगला. तो कशालाच जोडलेला नाही, आकडे नुसते पळतात. समितीनं त्याच्यापुढं फोटो काढले आणि अहवालात कौतुक केलं.

माझा डिटेक्टर मागच्या खोलीत आहे. माझ्या विद्यार्थिनी रोज त्याची नोंद घेतात. मध्यंतरी प्राचार्य तिकडं डोकावले आणि तुमचा आकडा आमच्या फलकापेक्षा इतका कमी कसा, म्हणून विचारू लागले. "आभाळ तर एकच आहे ना, मॅडम?"

तुमच्या फलकाचं आभाळ वेगळं आहे, असं मी म्हणाले. ते त्यांना पटलं.